रीम म्हणजे नेमके किती ताव?

कागदाच्या दुकानात "एक रीम द्या" म्हटले की दुकानदार आकार विचारतो, जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, विचारतो. ताव किती, हा प्रश्न दोघांच्याही मनात येत नाही. रीम म्हणजे पाचशे, हे शाळेच्या कार्यालयापासून छापखान्यापर्यंत सगळीकडे पक्के झाले आहे. आयएसओ ४०४६ या आंतरराष्ट्रीय मानकातही रीमची व्याख्या पाचशे एकसारख्या तावांचे पाकीट अशीच आहे. पण शब्दाच्या मानाने हा आकडा फार तरुण आहे. यंत्राचा कागद सर्वत्र रुळेपर्यंत रीममध्ये ४७२, ४८०, ५००, ५०४ किंवा ५१६ ताव असू शकत, आणि यांतला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी कामाच्या हिशोबातून आलेला होता. तो हिशोब समजला की आजच्या पाकिटावर काय वाचायचे आणि काय तपासून घ्यायचे, हेही समजते.

शब्द मुळात अरबी. 'रझम' म्हणजे बांधणे, गाठोडे करणे. 'रिझ्मा' म्हणजे बांधलेला गठ्ठा. त्यात कपडे असोत की कागद, दोरी आवळली की तो रिझ्मा. फारसीत पाचशे तावांच्या गठ्ठ्याला 'बंद' म्हणतात, त्यातही बांधणेच आहे. कागद बनवण्याची विद्या आठव्या शतकाच्या उत्तरार्धात समरकंदमार्गे बगदादला पोचली आणि तिथून इजिप्त, मोरोक्को असा प्रवास करत मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनमध्ये गेली. व्हॅलेन्सियाजवळच्या शातिबा गावचा कागद बाराव्या शतकात इतका नावाजलेला होता की अल-इद्रीसी या भूगोलकाराने त्याची मुद्दाम नोंद केली आहे. माल जिकडे गेला तिकडे गठ्ठ्याचे नावही गेले. स्पॅनिशमध्ये रेस्मा, इटालियनमध्ये रिझ्मा, जुन्या फ्रेंचमध्ये रेम, जर्मनमध्ये रीस आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत रीम. इंग्लंडमधली पहिली कागदगिरणी जॉन टेट याने हर्टफर्डला काढली ती १४९०च्या दशकात. म्हणजे इंग्रजांनी स्वतः एकही ताव उचलण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीपासून त्यांच्या भाषेत रीम होता, कारण परदेशातून येणारा कागद बांधलेल्या गठ्ठ्यांनीच येत होता आणि त्याच गठ्ठ्यांनी मोजावा लागत होता.

पोर्तुगीजांचा शब्दही रेस्माच. १५५६ साली जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला तो याच भाषेच्या लोकांच्या हातून. मराठीत मात्र रीम आला तो इंग्रजीतून, आणि येऊन बसला तो एका जुन्या फारसी शब्दाच्या डोक्यावर. तो शब्द म्हणजे दस्ता.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. कारखान्यात भोक नेमक्या मापाचे करायला 'रीमर मारतात', त्या रीमचा कागदाशी काही संबंध नाही. ते क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या 'रुंद करणे, जागा करणे' या अर्थाच्या धातूपासून आले आहे. खोलीसाठीचा 'रूम' हा शब्दही त्याच घराण्यातला. उच्चार एक, स्पेलिंग एक, पण मुळे दोन टोकांची: एक अरबी गाठोडे, एक इंग्रजी मोकळीक.

आता दस्ता. फारसीत 'दस्त' म्हणजे हात आणि दस्ता म्हणजे हातात मावेल एवढा जुडगा. गंमत अशी की युरोपातही कागदाचा हा मधला गट हातानेच मोजला जातो. फ्रेंचमध्ये पंचवीस तावांना 'मँ' म्हणजे हात म्हणतात, स्पॅनिश आणि इटालियनमध्ये 'मानो', त्याचाही अर्थ हातच. वीस हातांचा एक रीम. इंग्रजीने तेवढी वाट वेगळी घेतली. तिथला 'क्वायर' लॅटिनमधल्या 'चार-चार' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, कारण हस्तलिखिताच्या बांधणीत चार ताव एकात एक घालून दुमडत आणि आठ पानांची जुडी करत. पुढे क्वायरचा अर्थ सरकत सरकत चोवीस तावांवर आला. आपल्याकडे दोन्ही शब्द टिकले आहेत. सुटा कागद विकणारा 'दस्ता' म्हणतो आणि रजिस्टर विकणारा 'दोन क्वायर' म्हणतो, माप एकच.

रीममधले आकडे का बदलत, हे समजायला हातकागदाच्या युरोपीय गिरणीत डोकवावे लागते. हौदाजवळ तिघे जण काम करत. पहिला साचा लगद्याच्या पाण्यात बुडवून वर उचली आणि हलवून तंतू एकसारखे बसवी. दुसरा तो ओला ताव साच्यावरून नमद्यावर, म्हणजे लोकरीच्या जाड कापडावर, उतरवी, त्यावर दुसरा नमदा, त्यावर पुढचा ताव. असा थर रचत जाऊन साधारण सहा दस्ते, म्हणजे १४४ ताव झाले की तो गठ्ठा दाबाखाली जाई. तिसरा माणूस दाबून निघालेले ताव नमद्यांतून सोडवी. मग वाळवणे, जिलेटिनच्या पाण्यातून काढणे, पुन्हा वाळवणे. शेवटी एकेक ताव उजेडासमोर धरून निवड होई: निर्दोष, किंचित दोषाचे आणि टाकाऊ. किंचित दोषाच्या कागदाला इंग्लंडमधले कागदवाले 'रिट्री' म्हणत आणि त्यावर दोन फुल्या मारत. फाटक्या-तुटक्यावर तीन फुल्या.

दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा दस्ता मार खातो. दोरी काचते, कडा दुमडतात, ओल लागते. म्हणून गिरणीवाले आतले अठरा दस्ते चांगल्या तावांचे, चोवीस-चोवीसचे भरत आणि वर-खाली एकेक दस्ता दोषी तावांचा ठेवत, तोही विसाचाच. १८ गुणिले २४ म्हणजे ४३२, अधिक दोन वेळा २०, एकूण ४७२. हा गिरणीचा रीम. सगळेच्या सगळे वीस दस्ते चांगले हवेत असे गिऱ्हाइकाने सांगितले की तो झाला ४८०. लेखनसाहित्याचे दुकानदार एकवीस दस्त्यांचा ५०४चा रीम घेत. आणि मुद्रक साडेएकवीस दस्त्यांचा, ५१६चा मागत.

५१६ हा आकडा मला या सगळ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो नासधूस मान्य करतो. छपाई सुरू करताना शाई जुळवायला, दाब बसवायला, मजकूर सरळ आला की नाही ते बघायला ताव खर्ची पडतात. हातात पाचशे चांगले छापलेले ताव यायला हवे असतील तर हाताशी पाचशेपेक्षा जास्त कोरे लागतात. सोळा जादा ताव म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. आजच्या ऑफसेटवरही मोठ्या कामात नासाडीचा अंदाज साधारण याच घरात धरतात.

जर्मनीत तर लिहिण्याच्या कागदाचा दस्ता चोवीसचा आणि छपाईच्या कागदाचा पंचवीसचा, त्यामुळे रीमही कामाप्रमाणे ४८० किंवा ५००. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी दशमान पद्धतीशी जुळवून घेत हजार तावांचा नवा रीम काढला. जपानमध्ये आजही छपाईच्या कागदाचा 'रेन' हजार तावांचा असतो, आणि तो शब्द इंग्रजी रीमचेच जपानी रूप आहे. तेव्हा परदेशी पुरवठादाराचे दरपत्रक वाचताना रीमपुढचा आकडा बघितल्याशिवाय दर तोलू नयेत.

आपल्याकडची हातकागदाची रीत या युरोपीय गिरणीपेक्षा वेगळी. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात आणि जुन्नरला कागदी समाजाने शतकानुशतके कागद केला. पेशवाईच्या दफ्तरात दौलताबादी आणि जुन्नरी कागद ही नावे भेटतात. इथे हौद जमिनीत खणलेला असे आणि कारागीर त्याच्या काठाशी बसून काम करी. साचा तारेचा नसून लाकडी चौकटीवर टाकलेल्या, गवताच्या काड्या विणलेल्या लवचीक चटईचा. तिच्यावरून ओला ताव सरळ आधीच्या तावावर उतरवला जाई, मध्ये नमदा नाही. लांब तंतूंचा लगदा आणि अंगावर बसलेली लवचीक चटई यांमुळे ताव एकमेकांना चिकटून फाटत नसत. गठ्ठा दाबून पाणी काढले की ताव सोडवून गिलावा केलेल्या भिंतीवर वाळवत, मग खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटत. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटते. या सगळ्यात मोजायचा तो ताव आणि दस्ता. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली ती हीच विद्या नव्या तंत्राशी जोडून टिकवण्यासाठी.

यंत्राने कागद सलग गुंडाळीवर निघू लागल्यावर वरचा-खालचा दस्ता, दोषी ताव, हे सगळे मागे पडले. बल्लारपूरसारख्या गिरणीत कागदाची रुंद पट्टी न थांबता वाहत असते. ती हव्या त्या मापाने कापायची, मोजायची आणि वेष्टनात बांधायची. तिथे चोवीसला काही कारण उरत नाही. पाचशेचा आकडा सोयीचा म्हणून राहिला, आणि दस्ता अधूनमधून पंचवीसचा झाला.

मराठी प्रकाशनाच्या धंद्यात मात्र या पाचशेला एक अगदी नेमके काम आहे. पुस्तकाचा हिशोब फॉर्मवर चालतो. एक फॉर्म म्हणजे सोळा पृष्ठे. डेमी एकअष्टमांश आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या पुस्तकासाठी २३ बाय ३६ इंचाचा ताव घेतात. या तावाची चार उभ्या आणि चार आडव्या भागांत विभागणी केली की पावणेसहा बाय नऊची सोळा पाने पडतात, दोन्ही बाजू मिळून बत्तीस पृष्ठे. कडा कापल्या की साडेपाच बाय साडेआठ उरते. एका तावातून सोळा पृष्ठांचे दोन फॉर्म निघाले, म्हणून पाचशे तावांतून हजार. एका फॉर्मच्या हजार प्रतींना एक रीम, हे गणित तोंडपाठ असले की बाकी सगळे सोपे.

समजा पुस्तक १७६ पृष्ठांचे आहे आणि आवृत्ती हजाराची. १७६ भागिले १६ म्हणजे अकरा फॉर्म, म्हणून अकरा रीम. त्यावर नासाडी. एकरंगी कामात प्रत्येक फॉर्ममागे पंचवीस ताव धरले तर पाच टक्के झाले. अकरा फॉर्मचे २७५ ताव, म्हणजे अर्ध्या रीमपेक्षा थोडे जास्त. साडेअकरा ते बारा रीम मागवावेत. रंगीत काम असेल तर नासाडी याहून जास्त धरावी, कारण चारही रंग एकावर एक नेमके बसेपर्यंत ताव जात राहतात. आणि आवृत्ती तीनशे-पाचशेची असेल तर टक्क्यांत विचार करू नये. जुळवणीत जाणारे ताव प्रतींच्या संख्येवर अवलंबून नसतात. हजार प्रती छापा नाहीतर तीनशे, सुरुवातीचे पंचवीस-पन्नास जायचेच.

हाच हिशोब ४८०च्या रीमने केला तर काय होते बघा. प्रत्येक फॉर्ममागे वीस ताव कमी, म्हणजे चाळीस प्रती कमी. अकराही फॉर्म ९६०वर थांबतात. एखादाच फॉर्म कमी पडला तरी पुस्तक पूर्ण होत नाही, त्यामुळे सगळ्या आवृत्तीची संख्या सगळ्यात कमी छापलेल्या फॉर्मएवढी ठरते. मधल्या फॉर्मसाठी नंतर दुसऱ्या खेपेचा कागद आणावा तर पांढरेपणात फरक पडतो आणि पुस्तक मिटून कडेने पाहिले की मध्येच वेगळ्या छटेची पट्टी दिसते. म्हणून पुस्तकाचा सगळा कागद एका खेपेत, एकाच गिरणीचा आणि मोजून घ्यावा.

पाचशे ताव हाताने मोजायला वेळ लागतो असे वाटते, पण सवयीच्या माणसाला तो फार लागत नाही. गठ्ठ्याचा एक कोपरा उचलून पंख्यासारखा फाकवायचा आणि बोटांनी पाच-पाच ताव सोडत जायचे. वीस वेळा सोडले की शंभर, तिथे खुणेची चिठ्ठी. त्याहून सोपी तपासणी काट्यावर होते. सूत्र असे: तावाची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणा, त्याला जीएसएमने गुणा आणि वीस हजाराने भागा. उत्तर येते ते पाचशे तावांचे किलो. २३ बाय ३६चा ताव म्हणजे ५८.५ बाय ९१ सेंटिमीटर. ७० जीएसएमला ५८.५ गुणिले ९१ गुणिले ७०, भागिले २०,०००: १८.६ किलो. कागदबाजारात या मापाला 'अठरा-सहाचा कागद' म्हणतात ते यामुळेच. २० बाय ३० इंचाचा, म्हणजे ५१ बाय ७६ सेंटिमीटरचा ७० जीएसएमचा रीम साडेतेरा किलोच्या आसपास भरतो. वरच्या उदाहरणातले साडेअकरा रीम म्हणजे २१४ किलो कागद. कागदाचा भाव किलोवर ठरत असल्याने दरपत्रकातली रक्कम इथेच पडताळून बघता येते.

ए-फोर कागदाला हे गणित आणखी सुटसुटीत आहे. ए-झीरो ताव बरोबर एक चौरस मीटरचा आणि ए-फोर त्याचा सोळावा भाग. त्यामुळे ८० जीएसएमचा एक ताव पाच ग्रॅमचा आणि रीम अडीच किलोचा. ७५ जीएसएमचा रीम २.३४ किलो, ७०चा २.१८. घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावरही हे तपासता येते, वेष्टनाचे थोडे वजन सोडायचे. ७५ जीएसएम छापलेल्या पाकिटाचा काटा २.१च्या खाली आला तर एक तर ताव कमी आहेत किंवा कागद हलका आहे. काही पाकिटांवर 'रीम' हा शब्द न लिहिता चारशे किंवा साडेचारशे तावांचा आकडा बारीक अक्षरात दिलेला असतो, तो आधी वाचावा. शंभर ग्रॅमचा फरक पावसाळ्यात ओलीमुळेही पडू शकतो, तेव्हा तेवढ्यावर कोणाला दोष देऊ नये.

अमेरिकेत जीएसएम चालत नाही. तिथे कागद 'वीस पौंडी' असतो. हे वजन दुकानात मिळणाऱ्या पाकिटाचे नाही. १७ बाय २२ इंचाच्या मूळ तावाच्या रीमचे आहे. त्या तावाचे चार भाग केले की साडेआठ बाय अकराचा अमेरिकन लेटर कागद होतो, म्हणून वीस पौंडी कागदाचे पाकीट पाच पौंडांचे भरते. जीएसएममध्ये हा कागद ७५चा. पण मूळ ताव कागदाच्या जातीप्रमाणे बदलतो, त्यामुळे पन्नास पौंडी पुस्तकी कागद आणि वीस पौंडी बाँड कागद जवळजवळ सारख्याच जाडीचे निघतात. तिकडे पुस्तक छापून घेणाऱ्या मराठी मंडळांनी आणि लेखकांनी मुद्रकाला जीएसएमचाच आकडा विचारावा.

आकारांची नावेही जुनी आहेत. इटलीत बोलोन्या शहराने १३८९ साली कागदाची चार मापे दगडावर कोरून ठेवली. त्यातल्या दोहोंची नावे इम्पीरियल आणि रॉयल. तो दगड अजून तिथल्या संग्रहालयात आहे, आणि मराठी छापखान्यात आजही 'रॉयल साइज' म्हणतात. माप तेवढेच राहिले नाही, नाव राहिले. फुलस्केप हे नाव विदूषकाच्या घुंगरांच्या टोपीच्या जलचिन्हावरून पडले, ते पंधराव्या शतकापासून युरोपीय कागदात दिसते. क्रॉमवेलच्या काळात राजाच्या चिन्हाची टिंगल म्हणून ही टोपी आली, अशी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पण तेव्हा हे चिन्ह दीडशेहून जास्त वर्षे जुने झाले होते.

रीमच्या वेष्टनावरची चिठ्ठी नीट वाचणारे फार कमी लोक भेटतात. तिच्यावर माप, जीएसएम, वजन, तावांची संख्या आणि बहुतेक वेळा ग्रेनची दिशा असते. यंत्रावर कागद वाहत असताना बहुतेक तंतू वाहण्याच्या दिशेने लागतात, ती ग्रेन. त्या दिशेने कागद सहज दुमडतो, सरळ फाटतो, आणि ओल लागली की तिच्या आडव्या दिशेला फुगतो. पुस्तकात ग्रेन कण्याला समांतर हवी. आडवी असेल तर पाने उघडून खाली बसत नाहीत, कण्याजवळच्या डिंकामुळे कागद लाटांसारखा होतो आणि जाड पुस्तकाचा कणा तडकतो. २३ बाय ३६च्या तावातून डेमी पुस्तक काढताना पानाची नऊ इंची उभी बाजू तावाच्या छत्तीस इंची बाजूला समांतर येते, म्हणून ग्रेन लांब बाजूची, लाँग ग्रेन मागायची. २० बाय ३०च्या तावातून साडेसात बाय दहाचा, दिवाळी अंकाचा आकार काढताना दहाची बाजू तावाच्या वीस इंची बाजूला समांतर येते. तिथे शॉर्ट ग्रेन लागते. त्याच तावातून पाच बाय साडेसातचे छोटे पुस्तक काढायचे असेल तर पुन्हा लाँग ग्रेन. इतक्या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे चांगला मजकूर असलेली किती पुस्तके हातात ताठ उभी राहतात, हे पाहून वाईट वाटते. चिठ्ठीवर ग्रेन नसेल तर तावाच्या कोपऱ्यातून एक चौकोनी तुकडा कापून एका बाजूने ओला करावा. तो ज्या अक्षाभोवती सुरळी होतो ती ग्रेनची दिशा. कापायच्या आधी तुकड्यावर तावाची लांब बाजू पेन्सिलीने दाखवून ठेवावी, नाहीतर उत्तर मिळूनही उपयोग नाही.

सुट्या दस्त्याची वही शिवण्याची पद्धत आता कमी झाली असली तरी तिचे गणित रजिस्टरांत जिवंत आहे. फुलस्केपचे चोवीस दुहेरी ताव मध्यात दुमडले की अठ्ठेचाळीस पाने, म्हणजे शहाण्णव पृष्ठे होतात. एक क्वायरचे रजिस्टर ९६चे आणि दोन क्वायरचे १९२चे, ते या हिशोबाने. पण क्वायर छापलेल्या प्रत्येक रजिस्टरात तेवढी पृष्ठे असतातच असे नाही, शाळा-कार्यालयासाठी घाऊक घेताना एखादे मोजून बघावे. वही घरी शिवायची असेल तर चोवीसच्या चोवीस ताव एकात एक घालू नयेत. आतले ताव बाहेरच्यांपेक्षा पुढे सरकतात, कडा कापताना आतल्या पानांची समासाची जागा जाते. सहा-सहा तावांच्या चार जुड्या कराव्यात, प्रत्येक जुडीला मध्यभागी तीन किंवा पाच छिद्रे पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावे आणि मग चारही एकत्र जोडाव्यात. दोरा कण्याच्या दिशेनेच ओढावा. आडवा ओढला तर छिद्राशी कागद फाटतो.

रीम उघडल्यावर त्याची काळजी घ्यावी लागते. कागदात पाच-सहा टक्के पाणी असतेच. कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये उघडा ठेवलेला गठ्ठा कडांनी ओल शोषतो. कडा वाढतात, मधला भाग तेवढाच राहतो आणि कडेला लाटा येतात. कडक उन्हाळ्यात वा वातानुकूलित खोलीत उलटे होते, कडा आखडतात आणि मध्ये फुगवटा येतो. दोन्ही कागद ऑफसेटवर नीट बसत नाहीत आणि प्रिंटरमध्ये अडकतात. म्हणून छपाईच्या आदल्या दिवशी कागद वेष्टनासकट छापखान्याच्या खोलीत आणून ठेवतात आणि लागेल तेवढ्याच रीमचे वेष्टन फोडतात. गठ्ठे जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, आडवे ठेवायचे. उभे ठेवले तर कागद वाकतो आणि तो वाक जात नाही. ए-फोरच्या पाकिटावर बाण असतो, त्या बाजूवर आधी छापायचे. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी चारही कडांनी फडफडवून हवा खेळती करावी म्हणजे दोन ताव एकदम ओढले जात नाहीत. पाकीट अर्धे उरले तर मूळ वेष्टनातच परत घालून तोंड दुमडून वर वजन ठेवावे. गिरणीच्या वेष्टनाला आतून ओलरोधक थर असतो, तो फेकून देऊन कागद नुसता कपाटात ठेवण्यात अर्थ नाही.